पाणी कुठवर येईल?

कोकणातल्या माणसाला समुद्राचे पहिले गणित शाळेत शिकावे लागत नाही; ते घरातच, पंचांग टांगलेल्या खिळ्याखाली उभे राहून शिकायला मिळते. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. माझ्या आजोबांनी मला पाउणकी तोंडपाठ करायला लावली, ती दुकानातल्या हिशेबासाठी नव्हे, तर खाडीवरची तर केव्हा सुटेल हे मला उभ्या उभ्या सांगता यावे म्हणून. पुढे मी गणिताचा शिक्षक झालो, निवृत्तही झालो. परंतु त्या एका सूत्राने मला जितके दिले तितके पुढच्या कोणत्याही सूत्राने दिले नाही. आकाशातला चंद्र आणि बंदरातले पाणी यांची सांगड एका पाढ्यात बसते, हे लहान मुलाला केवढे नवल!

पण आजोबा एक गोष्ट बजावून सांगत. भरती हा चंद्राचा वायदा आहे, तो चुकत नाही. वादळ मात्र पंचांगात छापलेले नसते. उधाण कधी आणि भांग कधी हे सांगता येईल; वादळाबरोबर येणारे पाणी किती, हे सांगणारा पाढा नाही.

आजोबांच्या या शेवटच्या वाक्याची आठवण मला २ जून २०२० च्या संध्याकाळी झाली. ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अरबी समुद्रातून आमच्या रायगडच्या किनाऱ्याकडे निघाले होते. आमचे गाव जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, नारळी-पोफळीच्या वाड्या, पुढे सुरूचे बन, मग पुळण आणि समुद्र. महामारीचे दिवस, तोंडाला फडकी बांधून आम्ही चारदोन मंडळी बंदरावर उभे होतो. माझ्या पुतणीच्या फोनवर हवामान खात्याचे पत्रक आले होते, ते मी मोठ्याने वाचून दाखवले. मुंबई, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत नेहमीच्या भरतीच्या वर एक ते दोन मीटर पाणी चढण्याचा संभव आहे, असा त्याचा मथितार्थ.

घोळक्यात कोळीवाड्यातली एक म्हातारी होती. ती पुढे येऊन म्हणाली, “मास्तर, दोन मीटर म्हंजे कुठवर?”

माझ्यातला शिक्षक जागा झाला. “काकी, एक मीटर म्हणजे सव्वातीन फूट...”

“मीटर मला ठाव हाय. लुगडी घेत आले मी जलमभर,” ती म्हणाली. “पानी कुठवर येल त्ये सांगा.”

मी गप्प राहिलो. पत्रकातला आकडा खोटा नव्हता. पण तिची ओटी, शाळेचा जिना, विठोबाचे देऊळ यांपैकी कुठे त्या आकड्याची रेघ पडते, ते मला ठाऊक नव्हते. म्हातारीने माझे गप्प राहणेच उत्तर समजून घेतले आणि गाठोडे उचलून ती शाळेकडे चालू लागली.

असो. तिच्या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो मी नंतरच्या पावसाळ्यात, पडलेल्या पोफळी मोजून झाल्यावर, वाचत बसलो. दिवाळीच्या अंकात वादळांचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. पण आश्विन-कार्तिक हे जसे सणांचे महिने तसेच ते बंगालच्या उपसागरातल्या वादळांचेही महिने. आपण कंदील टांगतो त्याच दिवसांत पूर्व किनाऱ्यावरची माणसे आकाशाकडे पाहत असतात. म्हणून ही हकीकत याच अंकात सांगावीशी वाटते.

तिची सुरुवात कलकत्त्याला होते. हेन्री पिडिंग्टन हा मूळचा व्यापारी जहाजांवरचा दर्यावर्दी. पुढे तो कलकत्त्याला स्थायिक झाला. जहाजांच्या अपघातांची चौकशी करणे हे त्याच्या कामांपैकी एक. वादळातून वाचलेल्या जहाजांच्या रोजनिशा तो जमवी. एकाच वादळात निरनिराळ्या ठिकाणी सापडलेल्या जहाजांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या की वारा सरळ वाहत नाही, तो वेटोळे घालतो, हे स्पष्ट दिसे. या वेटोळ्याला नाव हवे होते. १८४८ साली नाविकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याने सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून ‘सायक्लोन’ हा शब्द घडवला. आज साऱ्या जगाच्या तोंडी असलेला हा शब्द कलकत्त्यात जन्मला.

त्या सुमारास हुगळी नदी गाळाने भरत चालल्याची धास्ती सरकारला वाटत होती. तेव्हा सुंदरबनाच्या तोंडाशी, मातला नदीवर, नवे बंदर वसवावे अशी योजना निघाली. १८५३ साली पिडिंग्टनने गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना उद्देशून एक पत्र छापून प्रसिद्ध केले. त्याचा आशय असा, की या जागी एक ना एक दिवस चक्रीवादळाबरोबर खारे पाणी इतक्या झपाट्याने चढेल की सारी वसाहत पाच ते पंधरा फूट पाण्याखाली जाईल. पाहा, वाचकहो, आमच्या म्हातारीचाच प्रश्न, आणि त्याचे फुटांत दिलेले उत्तर! ते ऐकले मात्र कोणी नाही. पिडिंग्टन १८५८ साली वारला. बंदर उभे राहिले आणि त्याला पुढच्या गव्हर्नर जनरलचे, कॅनिंगचे, नाव मिळाले. १ नोव्हेंबर १८६७ च्या रात्री, दिवाळी होऊन आठवडाही लोटला नव्हता तेव्हा, वादळ आले आणि त्याबरोबर सहाएक फुटांची लाट आली. धक्के, गोदामे, घरे यांची वाताहत झाली आणि पुढच्या काही वर्षांत बंदर सोडून द्यावे लागले. आज कॅनिंग हे सुंदरबनाकडे जाणाऱ्या उतारूंचे, लोकलच्या शेवटच्या स्टेशनाचे, गाव आहे.

दरम्यान ऑक्टोबर १८६४ मध्ये एका वादळाने खुद्द कलकत्त्याला तडाखा दिला होता आणि हजारो माणसे बुडाली होती. त्या धक्क्यातून आणि मागोमाग आलेल्या दुष्काळांतून १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. पण खाते एक वर्षाचे होते न होते तोच, ३१ ऑक्टोबर १८७६ च्या पौर्णिमेच्या सुमारास, मेघनेच्या मुखाशी बाकरगंजला पाणी चढले. सुमारे एक लाख माणसे बुडाली आणि जवळजवळ तितकीच मागाहून पटकीने व उपासमारीने गेली. वादळ कोठे आहे हे तारायंत्राने कळू लागले होते. पाणी किती चढेल, हे कोणीच सांगू शकत नव्हते.

मुळात पाणी चढते तरी का? याचा प्रयोग स्वयंपाकघरात करता येतो. परातीत बोटभर पाणी घ्यावे आणि एका कडेने जोरात फुंकर घालावी. पाणी समोरच्या कडेला गोळा होते. हीच फुंकर भरलेल्या घागरीच्या तोंडावर घातली तर फारसे काही होत नाही, कारण वर ढकललेले पाणी खालच्या खाली परत येते. समुद्र खोल असतो तेथे तो घागर असतो. किनाऱ्याजवळ उथळ होतो तेथे परात होतो. शिवाय वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो, म्हणून तेथले पाणी वर उचलले जाते; पण हा वाटा लहान, दाब एक मिलिबार उतरला तर पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर. खरी करामत वाऱ्याची. त्यातही वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची ढकल चौपट होते. आणि बंगालच्या उपसागराचे डोके म्हणजे तर नसराळेच: वर रुंद, पुढे चिंचोळे, आणि तळ उथळ. त्यात ढकललेले पाणी जाईल कुठे? ते चढते आणि सपाट भातखाचरांवर पसरते. त्याच घटकेला भरती असली, तर चंद्राचा वायदा आणि वाऱ्याची लूट एकाच वेळी दारात उभी राहतात.

कारण कळले, पण कारण कळणे निराळे आणि आकडा काढणे निराळे. हा आकडा काढण्याची विद्या उपसागराच्या काठी नव्हे, तर दुसऱ्या एका नसराळ्याच्या काठी, उत्तर समुद्रावर, वाढली. हॉलंड हा देश समुद्राशी भांडूनच उभा राहिलेला. १९१६ साली तेथे मोठा पूर आला, तेव्हा झाउडर झी नावाचा आखातासारखा आत शिरलेला समुद्र बांध घालून तोडायचे ठरले. शंका अशी, की आत जाणारे पाणी अडवले तर बांधाबाहेरच्या गावांत ते किती अधिक चढेल? हा प्रश्न सोडवायला सरकारने १९१८ साली एका समितीच्या अध्यक्षपदी बसवले ते हेंड्रिक लोरेन्ट्झ या पदार्थवैज्ञानिकाला. ज्या १८५३ साली पिडिंग्टनने पत्र लिहिले, त्याच साली जन्मलेला हा गृहस्थ. १९०२ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळालेले होते. पासष्टीला आलेला हा पंडित आठ वर्षे खाड्या आणि वाहिन्यांतल्या पाण्याचा हिशेब हाताने करीत बसला! १९२६ साली समितीचा अहवाल आला, १९३२ साली बांध पुरा झाला, आणि पाण्याने लोरेन्ट्झच्या आकड्यांशी बहुतांशी इमान राखले. ते पाहायला तो स्वतः मात्र उरला नव्हता. १९२८ साली तो गेला.

त्याच काळात इंग्लंडमधला लुइस फ्राय रिचर्डसन आणखी धाडसी विचार करीत होता. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये जखमींच्या गाडीवर काम करी आणि फावल्या वेळात हवेचे गणित मांडी. नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखी घरे आखायची, प्रत्येक घरातल्या हवेचा हिशेब शेजारच्या घरांवरून करायचा आणि असे करीत काळ थोडा थोडा पुढे ढकलायचा, ही त्याची युक्ती. त्याच्या हस्तलिखिताची हकीकतही ऐकण्याजोगी. १९१७ च्या धुमश्चक्रीत ते गहाळ झाले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले! १९२२ साली पुस्तक निघाले. त्यात सहा तासांचा एक अंदाज हाताने काढून दाखवला होता, तो साफ चुकला; आणि त्याने तो चुकल्याचे प्रामाणिकपणे छापलेही. साऱ्या पृथ्वीच्या हवेचा हिशेब वेळेवर करायला चौसष्ट हजार गणक एका प्रचंड दिवाणखान्यात बसवावे लागतील, असे स्वप्नही त्याने रंगवले. तेव्हा ‘कॉम्प्युटर’ या शब्दाचा अर्थ हिशेब करणारा माणूस असा होता. १९५० साली अमेरिकेत ‘एनिॲक’ नावाच्या यंत्रावर हवेचा पहिला अंदाज निघाला, तेव्हा चोवीस तासांचा अंदाज काढायला यंत्राला जवळजवळ चोवीस तासच लागले. उद्याची बातमी उद्याच मिळाली म्हणायची. पण वाट सापडली होती.

मग ३१ जानेवारी १९५३ ची रात्र आली. पिडिंग्टनच्या पत्राला बरोबर शंभर वर्षे झाली होती. उत्तर समुद्रातल्या तुफानाने हॉलंडचे बांध फोडले; तेथे १,८३६ आणि इंग्लंडात ३०७ माणसे गेली. बांध अपुरे आहेत असे योहान फान फेन हा सरकारी अभियंता कितीतरी वर्षे सांगत होता. त्या रात्रीही हवामान खात्याने इशारा दिला होता. पण डच रेडिओ मध्यरात्री बंद होत असे, आणि त्या रात्रीही तो रिवाजाप्रमाणे बंद झाला. माणसे झोपेत असतानाच पाणी घरात आले.

त्या आपत्तीनंतर मात्र हालचाल जोराने झाली. इंग्लंडने वादळी भरतीचा इशारा देणारी यंत्रणा उभारली. १९५६ साली हॅम्बुर्गच्या वाल्टर हान्सेन याने रिचर्डसनची चौकोनांची युक्ती समुद्राला लावून दाखवली. समुद्राच्या नकाशावर घरे आखायची. प्रत्येक घराच्या तीनच गोष्टी ध्यानात ठेवायच्या: पाण्याची उंची किती, ते पूर्व-पश्चिम किती वाहते आणि उत्तर-दक्षिण किती वाहते. नियमही साधेच. एका घरातून गेलेले पाणी शेजारच्या घरात जमा झालेच पाहिजे, हा पहिला. हा तर वाण्याच्या वहीतला जमाखर्च. पाण्याचा वेग बदलतो तो वाऱ्याची ढकल, पाण्याचा उतार, तळाची घासण आणि पृथ्वीचे फिरणे यांमुळे, हा दुसरा. हा हिशेब एका क्षणासाठी करायचा, मग काही सेकंद पुढे सरकायचे आणि पुन्हा करायचा. ही पावले मात्र लहान हवीत. दहा मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला सुमारे दहा मीटर धावते. तिने एक घर ओलांडायच्या आत आपला हिशेब पुरा झाला पाहिजे, नाहीतर आकडे वेडेवाकडे उड्या मारू लागतात. घरे हजारो, पावलेही हजारो. एवढे सोपे आणि एवढे कंटाळवाणे काम माणसाने जन्मभर केले तरी पुरे होणार नाही. यंत्राला मात्र कंटाळा येत नाही.

ही विद्या आपल्या उपसागरात येण्यापूर्वी आणखी एक घाव बसायचा होता. १२ नोव्हेंबर १९७० ची रात्र. कार्तिकी पौर्णिमा तोंडावर आलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. आणि नेमक्या भरतीच्या वेळी वादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्याला, भोला बेटाच्या परिसरात, धडकले. किमान तीन लाख माणसे गेली. कित्येकांच्या मते पाच लाख. इतिहासातले हे सर्वांत प्राणघातक वादळ. यातली सर्वांत बोचरी गोष्ट नंतरच्या पाहणीत कळली. वादळ येत आहे हे शंभरांतल्या नव्वद लोकांच्या कानी गेले होते. पक्क्या आसऱ्याला गेलेले मात्र शंभरांत एखादाच. वारा येणार हे त्यांना कळले होते, पण पाणी घराच्या छपरावर जाईल असे कोणी त्यांना सांगितले नव्हते. सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते.

दोन वर्षांनी, १९७२ साली, ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकात बंगालच्या उपसागरातल्या वादळी पाण्याच्या अंदाजाचे गणित प्रसिद्ध झाले. लेखक पी. के. दास, आपल्याकडच्या मोसमी वाऱ्यांवर त्यांनी सामान्य वाचकांसाठी सुंदर पुस्तक लिहिले होते, आणि पुढे ते हवामान खात्याचे महासंचालक झाले. नंतर दिल्लीच्या आयआयटीत एस. के. दुबे, पी. सी. सिन्हा, ए. डी. राव आदी मंडळींनी हे काम वर्षानुवर्षे पुढे नेले आणि किनाऱ्याच्या एकेका भागासाठी गणिती प्रतिकृती बनवल्या. तिकडे अमेरिकेत चेस्टर येलेस्नियान्स्की यांनी अशीच प्रतिकृती रोजच्या वापरात आणली. योगायोग असा, की त्याच १९७२ साली बांगलादेशात रेडक्रॉसने गावोगावचे स्वयंसेवक उभे करायला सुरुवात केली. हातात कर्णा, खांबावर निशाण आणि सायकल, एवढ्या सामग्रीवर ही माणसे वादळाची बातमी दारोदार नेऊ लागली. मला नेहमी वाटते, या दोन गोष्टींची जन्मपत्रिका एकत्र मांडली पाहिजे. एकीने आकडा काढला, दुसरीने तो पायी चालत पोचवला.

पण विद्या कागदावर येणे आणि ती किनाऱ्यावर उतरणे यांत वर्षे जातात, आणि ती वर्षे वादळे मोजत नाहीत. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्रात कृष्णेच्या मुखाशी दिवीसीमेत सुमारे दहा हजार माणसे गेली. २९ एप्रिल १९९१ रोजी चितगावच्या किनाऱ्यावर एक लाख अडतीस हजार. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी, दिवाळी नऊ दिवसांवर असताना, ओडिशातल्या पारादीपजवळ महाचक्रीवादळ आले. जगतसिंहपूर जिल्ह्यातल्या एरसमा भागावर पाच-सहा मीटर पाणी चालून गेले आणि सुमारे दहा हजार माणसे त्या राज्याने गमावली.

ओडिशाने मात्र तो धडा मनावर घेतला. पायऱ्या चढून वर जाता येईल असे खांबांवरचे निवारे बांधले, गावांत तालमी घेतल्या. हवामान खात्याची यंत्रे सुधारली. १९९९ मध्येच स्थापन झालेली हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही समुद्राची माहिती देणारी संस्थाही या गणितात उतरली. मग २०१३ चे नवरात्र आले. ‘फायलिन’ नावाचे वादळ गोपाळपूरच्या रोखाने निघाले. ते कोठे आणि केव्हा धडकेल आणि पाणी सुमारे तीन ते साडेतीन मीटर चढेल, हे आधी सांगितले गेले. पूजेच्या मांडवातून माणसे उठवली. दहा लाखांच्या आसपास लोक निवाऱ्यांत गेले. १२ ऑक्टोबरच्या रात्री वादळ आले. घरे पडली, शेते खारावली. पण मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. चौदा वर्षांपूर्वी दहा हजार, आणि आता ही! माझ्या मते स्वतंत्र भारताच्या इतिहासात ज्या गोष्टींचे तोरण लावावे, त्यांतली ही एक.

गोष्ट येथे संपवता आली असती तर किती बरे झाले असते. पण त्यानंतर सत्तावीसच दिवसांनी, ८ नोव्हेंबर २०१३ रोजी, फिलिपिन्समधल्या तक्लोबान शहरावर ‘हैयान’ नावाचे वादळ आदळले. तेथेही गणित चुकले नव्हते. पाणी कित्येक मीटर चढेल असा इशारा आधी दिला होता, आणि ते तसेच चढले. तरी देशात सहा हजारांवर माणसे गेली. वाचलेल्यांना विचारले तेव्हा पुष्कळांनी एकच सांगितले. इशाऱ्यात ‘स्टॉर्म सर्ज’ असा शब्द होता. तो काय प्रकार आहे हे आम्हांला समजले नाही. त्सुनामी येते म्हणाला असतात, तर आम्ही डोंगराकडे धावलो असतो. आकडा बरोबर, वेळ बरोबर; फक्त शब्द परका होता.

ही हकीकत वाचली तेव्हा मला बंदरावरची ती संध्याकाळ पुन्हा दिसली, आणि तक्लोबान काही आपल्यापासून फार दूर नाही असे वाटले. भरती-ओहोटी, उधाण, भांग असे नेमके शब्द असलेल्या आपल्या भाषेत वाऱ्याने ढकलून आणलेल्या पाण्याला स्वतःचे रुळलेले नाव नाही. अरबी समुद्रात वादळे थोडी, म्हणून नाव पडले नसेल. पण मुंबईसमोरचा समुद्रतळ कितीतरी लांबवर उथळ आहे, म्हणजे परात येथेही मांडलेली आहेच. आणि अलीकडच्या काळात या समुद्रातली वादळेही बळावत चालली आहेत.

३ जूनला आम्ही वाचलो ते कसे, हे सांगितले पाहिजे. वादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान श्रीवर्धनजवळ जमिनीवर आले. वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे भरती मोठी. पण पंचांगात द्वादशी संपून त्रयोदशी लागत होती. आजोबांच्या पाउणकीने पाहिले तर भरती नऊ-दहाच्या सुमारासच होऊन गेली होती आणि वादळ आले तेव्हा पाणी ओसरू लागले होते. समुद्राने चढवलेले चंद्राने खाली ओढून धरले, असे म्हणा ना. वाड्या झोपल्या, कौले उडाली, परंतु पाणी सुरूच्या बनात येऊन थबकले. तेच वादळ चारपाच तास आधी आले असते तर? किंवा थोडे निराळ्या जागी? कोकण किनाऱ्यावर वादळ धडकते तेव्हा केंद्राच्या दक्षिणेकडे वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो आणि उत्तरेकडे जमिनीवरून समुद्राकडे जातो. वाट पन्नास मैल सरकली की एका तालुक्याचे पाणी दुसऱ्याच्या दारात जाते. म्हणूनच पत्रकात एकच आकडा नसून ‘एक ते दोन’ असते. वादळाच्या अनेक संभाव्य वाटा धरून यंत्र पुन्हा पुन्हा हिशेब करते, आणि उत्तर पट्ट्यात देते. हा गणिताचा दुबळेपणा नव्हे, प्रामाणिकपणा आहे. रिचर्डसनने आपली चूक छापली त्याच जातीचा.

त्या वर्षी पाऊस सरल्यावर मी शाळेतली दोन माजी मुले हाताशी घेतली. गवंडी जोते सपाट करायला पाणी भरलेली नळी वापरतात, तसली लांब नळी आणली. मोठ्या उधाणाचे पाणी जेथवर पोचते ती खूण जुन्या कोळ्यांनी दाखवली. तेथून एक मीटर, दोन मीटर, तीन मीटर अशा उंच्या नळीच्या पाण्याने गावात नेल्या आणि भिंतींवर चुन्याच्या रेघा ओढल्या. एक मीटरची रेघ बोंबील वाळवायच्या मांडवांच्या खांबांवर आली. तीन मीटरची शाळेच्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर. दोन मीटरची रेघ म्हातारीच्या उंबऱ्याच्या चार बोटे वर पडली. लाटा याच्याही वर उसळतील आणि खाडीच्या तोंडाशी पाणी निराळे वागेल, हे मी मुलांना बजावले. ही रेघ गणिताचा शेवट नव्हे, हे खरे. पण प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात तरी आहे.

म्हातारी ओटीवर उभी राहून पाहत होती. रेघेवरून बोट फिरवून ती म्हणाली, “ह्येच इचारलं व्हतं मी. त्या दिशी का नाय सांगितलंत?”

मी म्हणालो, “काकी, त्या दिवशी मला येत नव्हते.”

“आता येतं ना? मग झालं.”

तेव्हापासून आमच्याकडे एक नवा रिवाज पडला आहे. नरकचतुर्दशीच्या आधी अंगणे सारवून झाली, की पोरे गेरूचा डबा घेऊन निघतात आणि पावसाने पुसट झालेल्या त्या रेघा पुन्हा ओढतात. मांडवाचा खांब, म्हातारीचा उंबरा, शाळेची दुसरी पायरी. ते झाले, की मग कंदील टांगतात.